चाळीसपैकी बारा

३ फेब्रुवारी, मंगळवार

"तू तिथे महिनाभर टिकलीस तर नाव बदलून ठेवीन माझं!" — बाबा. आज महिना झाला. नाव तेच आहे. विसरले असतील. मी नाही विसरत.

टिकले, कारण तिथे — समुद्री जनावरांचे कान तपासतात त्या केंद्रात — बोलावं लागत नाही. सकाळी सातला मासे बर्फातून काढायचे. दोन-दोन बोटांचे तुकडे करायचे. टाकीची कड घासायची. मग तपासणी सुरू झाली की टाकीला लागून फळ्यांची एक भिंत आहे, तिच्यामागे स्टुलावर बसायचं. समोर दोन दिवे. पांढरा लागला म्हणजे डाव सुरू. हिरवा लागला की नळीतून एक तुकडा खाली सोडायचा. हिरवा नाही लागला तर हात मांडीवर. बस्स.

टाकीत मावशी. मावशी म्हणजे सील — समुद्रातली, जाळ्यात सापडलेली. मिशांवरून नाव पडलं. नाव ठेवलं बटणदादांनी. ते शेजारच्या खोलीतून आवाज सोडतात, त्या खोलीत नुसती बटणं, म्हणून बटणदादा — हे मी ठेवलंय, फक्त इथे, वहीत. त्यांनी माझं नाव 'मांजर' ठेवलंय. पाऊल वाजत नाही आणि अंगाला मासळीचा वास! आज म्हणाले, "मांजरे, दोन तुकडे कमी भरले. मिशा पूस."

मला हसू आलं. पण कळून हसेपर्यंत ते निघून गेले होते. माझं नेहमी असंच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पंप बंद होता म्हणून बाई काय बोलतात ते सगळं कळलं. बाई म्हणजे इथल्या मुख्य. पाहुणे आले होते, त्यांना समजावत होत्या.

मावशी पाण्याखाली एका कडीवर हनुवटी टेकते. आवाज आला असं वाटलं तर नाकाने लाल पाटी दाबायची. नाही आला तर हलायचं नाही. बरोबर असलं तर मासा. मधूनमधून मुद्दाम काहीच वाजवत नाहीत — रिकामा डाव. उगाच दाबते का ते कळायला.

"म्हणजे खोटं बोलते का ते!" पाहुणा म्हणाला.

"जनावर खोटं बोलत नाही हो. फार तर अंदाज मारतं."

माझ्या वेळी असं कोणी म्हणालं असतं तर!

आत्तापर्यंत नुसते बीप होते, शांत पाण्यात. सोमवारपासून गोंगाट. पाण्यात बोटींची घरघर सोडणार आणि त्यात खरे आवाज — पिल्लाची हाक, खडकावर फुटणारी लाट, शिकारी देवमाशाची शीळ. बाई म्हणाल्या, "समुद्र शांत कुठे असतो? शांत टाकीत कान कितीही चांगला असू दे, त्याचा उपयोग काय? बोटींच्या गोंगाटात आईला पिल्लाची हाक किती लांबून कळते, ते मला हवंय."

मी फळीमागे होते. दोनदा हात धुतले. का धुतले माहीत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

शांत टाकीत कान चांगला असून उपयोग काय. डोक्यातून जात नाही.

आठवीच्या वर्गात आम्ही पंचावन्न. पंखे, बाकं, खिडकीखाली रस्ता. मॅडमचा आवाज यायचा. आवाज यायचा! हेच कधी कोणाला पटलं नाही. आवाज येतो पण बोलणं येत नाही — एकाच पानावर चार जणांनी लिहून ठेवल्यासारखं. "उभी राहा. मी आत्ता काय म्हटलं?" मी उभी. रोज उभी. मख्ख. मग घुमी. मग शिष्ट — हाका मारल्या तरी बघत नाही म्हणून.

मॅडमनी चिठ्ठी दिली तेव्हा बाबा मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवलं. इतकी शांत खोली की आपण थुंकी गिळलेली आपल्याला ऐकू येते. बीप आला की बटण दाबायचं. सगळे दाबले. एकसुद्धा चुकला नाही! मग मला बाहेर बाकावर बसवलं, डॉक्टर आत बाबांशी बोलले. बराच वेळ. बाहेर खचाखच पेशंट, कोणाचं तरी पोर रडत होतं. दारातून बाबा दिसत होते — मान हलवत होते. मग बाहेर आले.

"कान ठणठणीत आहेत. नाटकं आहेत नुसती."

रस्ताभर एवढंच. शाळेत पण तेच गेलं. 'नाटकी'. वार्षिक परीक्षेला मी गेलेच नाही. कोणी ओढूनही नेलं नाही.

तेव्हापासून मी घरात. आमच्या खाली बाबांचं पत्र्याचं काम आहे — डबे, बादल्या, ट्रे. प्रेस दिवसभर धाड धाड धाड. बाबा प्रेसवर बोलतात तसेच वर येऊन बोलतात, ओरडून. मशीन बंद असलं तरी! आई म्हणते सवय लागलीय. गिऱ्हाईक काही सांगत असलं की हे मान हलवतात आणि ते गेलं की आईला विचारतात, "काय गं, किती डबे म्हणाला?" लक्ष देत नाहीत कोणाकडे. कोणाचंच ऐकून घ्यायचं नाही म्हणजे नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

हेडफोन!! फळीमागे बसणाऱ्याला काय वाजतंय ते कळता कामा नये. कळलं की माणूस जरासा हलतो, श्वास धरतो — आणि जनावर तेवढ्यावरून ओळखतं. म्हणून कानावर हेडफोन आणि त्यात सारखी खरखर.

बाई म्हणाल्या, "काहीही झालं तरी काढायचे नाहीत. आग लागली तर मी येऊन काढीन."

सहा तास. आठवीचा वर्ग डोक्याला बांधल्यासारखा.

मावशी मात्र राणी! चाळीस आवाज सोडले, चौतीस ओळखले. सकाळी एवढ्याच घरघरीत बीप सोडून बघितले तेव्हा वीससुद्धा झाले नव्हते. बाई टाळ्या वाजवत होत्या. बटणदादांना म्हणाल्या, "बीप सरळ रेघेसारखा. पिल्लाची हाक वर जाते, खाली येते, मध्ये तुटते. घरघर पण सारखी नसते, कमी-जास्त होते. त्याच्या मधल्या फटीतून ऐकते ही!"

फटीतून. मला कधी फट सापडली नाही. माझ्याकडे सगळी भिंतच.

११ फेब्रुवारी, बुधवार

तुकडे ठेवायचा प्लास्टिकचा ट्रे फुटला. घरी आईला सांगत होते, बाबांनी कुठून ऐकलं कुणास ठाऊक — फुटका तुकडा माझ्या हातात होता, तो बघितला असेल. सकाळी नवा ट्रे दाराशी. पत्र्याचा, कडा आत वळवलेल्या, टाकीच्या काठावर अडकवायला मागे हुक. "प्लास्टिक काय कामाचं! घे. गंजला तर सांग." एवढं ओरडून की शेजारचे बाहेर आले.

हुक बरोबर बसला. माप न घेता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक वाईट काम केलं.

डोकं ठणकत होतं. एक कान मोकळा केला. टाकीची भिंत माझ्या पाठीला लागूनच असते. तिला कान लावला. पाण्यातलं सगळं येतं! घरघर — आणि तिच्या आत कुठेतरी काहीतरी बारीक. पिल्लू?

मग वाटलं, मी पण खेळते. गोंगाटात माझी तपासणी कोणी केली नाही ना? मीच करते! पांढरा दिवा लागला की कान भिंतीला. ऐकू आलं की लगेच तुकडा उचलून हातात तयार ठेवायचा आणि तळहातावर पेनाने एक रेघ.

मावशी — चाळीसपैकी तेहेतीस. मी — तेरा.

तेरा!

काचेच्या खोलीत एकही चुकला नव्हता. मी तीच, कान तेच. म्हणजे मी नाटकी नव्हते. चार वर्षांनी कळलं, आणि ते पण हाताला माशाचा वास येत असताना.

कोणाला सांगू? मावशीला सांगितलं. तिने नाकातून पाणी उडवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी एकतीस. मी बारा. आता रोज खेळते. हेडफोन गळ्यात. बाई आल्या की वर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्या भावाच्या शाळेतून निरोप, अभ्यासात बरा आहे. बाबा खुशीत. "एक तरी शिकेल!" माझ्याकडे बघून नाही म्हणाले. पण मी समोरच बसले होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी चौदा! मावशी चोवीस. बाईंनी टाकीतला पाण्याखालचा स्पीकर बदलून बघितला. तरी चोवीस.

२ मार्च, सोमवार

मावशी सोळा. मी बारा.

बाई भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभ्या होत्या, बराच वेळ. "पोट बरं आहे, डोळे बरे आहेत. मग?" बटणदादा म्हणाले, "वय झालं असेल. माझी आजी पण अशीच — पाहिजे तेच ऐकायची." बाई हसल्या नाहीत.

३ मार्च, मंगळवार

आज घरघर बंद करून शांत पाण्यात बीप. मावशी चाळीसला चाळीस! बाई खुर्चीत बसल्या. "शांततेत सगळं ऐकते. गोंगाटात नाही."

मावशी माझ्यासारखी झाली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — खूप बरं वाटलं. घरी जाताना सगळा रस्ता बरं वाटत होतं.

५ मार्च, गुरुवार

तेरा. दोघी.

९ मार्च, सोमवार

आज एक माणूस टेप घेऊन आला. मावशीची लांबी घेतली, पोटाचा घेर घेतला, दाराची रुंदी घेतली. खेळ दाखवायच्या तलावाचा माणूस. चेंडू नाकावर, पुढच्या पंजांनी टाळ्या, दिवसाला चार खेळ, लाउडस्पीकर, शिट्ट्या मारणारी पोरं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या असतील, त्यांचं मला कळलं नाही. त्याचं कळलं, तो माझ्या शेजारीच उभा होता. "कानाची काळजी सोडा हो. चेंडू झेलायला कान कशाला लागतात?"

गाडी तेवीस तारखेला येणार. इथे एकच टाकी आहे. जी ऐकत नाही तिला ठेवून बाईंचं काम कसं होणार? दुसरी सील आणणार.

मावशी त्या टेपशी खेळत होती.

१० मार्च, मंगळवार

नीट लिहायला पाहिजे.

मावशी कधीपासून बिघडली ते बघायला वही घेऊन तक्त्यासमोर उभी राहिले. तारखा लावल्या. मी तेरा, ती तेहेतीस. मी बारा, ती एकतीस. चौदा, चोवीस. बारा, सोळा. मग पाच मार्च — तेरा, तेरा. सहा मार्च — अकरा, अकरा. काल — बारा, बारा.

एकदा झालं तर योगायोग. तीनदा?

दुपारच्या फेरीत कान भिंतीला लावून बसले. घरघर होती, पण आत काहीच नव्हतं — काहीच! तरी मुद्दाम तुकडा उचलला. ट्रेचा हुक टाकीच्या काठावर वाजला. टण्. इतकं बारीक की मीच महिनाभर ऐकलं नव्हतं.

मावशीने पाटी दाबली.

पुढच्या वेळी पिल्लाची हाक मला अगदी स्पष्ट आली. मी हात बांधून बसले. मावशी हललीच नाही. मिशा फुगवून कडीवर. वाट बघत. माझी.

तिला पिल्लू ऐकत बसायची गरजच राहिली नाही. टण् झालं की पाटी, की मासा. कधीच चुकत नाही ते! रिकाम्या डावात टण् होत नाही, तेव्हा ही गप्प, आणि बाई म्हणतात बघा किती प्रामाणिक.

ती मला ऐकतेय. आणि मला ऐकू येत नाही.

तो तक्ता मावशीचा नाहीच. माझा आहे.

११ मार्च, बुधवार

गुपचूप दुरुस्त करता येईल असं वाटलं. हेडफोन घट्ट लावले. ट्रे हुकावरून काढून मांडीवर घेतला. हिरवा लागेपर्यंत बोटसुद्धा हलवलं नाही.

मावशी — चाळीसपैकी सहा. टण् ची वाट बघत बसली. शेवटी कडी सोडून फळीजवळ आली आणि फटीतून माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की… जाऊ दे.

बाई म्हणाल्या, "सहा! संपलंच मग." गाडीवाल्याला फोन केला, अठराला नेता का म्हणून. त्याला तेवीसच जमते.

हिची सवय मोडायला वेळ लागणार. तेवढे दिवस कुठेत?

सांगितलं तर माझी हकालपट्टी. नाही सांगितलं तर हिची.

१२ मार्च, गुरुवार

तीनदा बाईंच्या मागे गेले. पंप चालू. त्या चालता चालता बोलतात, तोंड पलीकडे. मी म्हटलं, "बाई." त्या काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या कळलं नाही. मी म्हटलं, "हो." त्या निघून गेल्या.

कशाला हो म्हटलं मी?!

घरी आईला सांगायला गेले तर खाली प्रेस. आई म्हणाली, "नंतर बोल, बाळा." आमच्या घरात नंतर कधीच नसतं.

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

बटणदादांची खोली जाड दाराची, आत चिमणीसुद्धा ओरडली तर बाहेर जाणार नाही. बाई तिथे आहेत हे बघून दार वाजवलं. तोंडाने जमणार नव्हतं. वही उघडून पुढे केली, दहा तारखेचं पान. ही वही कोणाला दाखवायची नव्हती. आई शपथ नव्हती दाखवायची.

बाईंनी वाचलं. मागची पानं उलटली. परत वाचलं.

"हेडफोन काढलेस?"

"हो."

"कधीपासून?"

"बारा तारखेपासून. फेब्रुवारी."

"एक महिना. एक महिना मी तुझे कान तपासत बसले?" ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तिला पाठवायचं ठरवून मोकळी झाले मी! आधी सांगायला तोंड नव्हतं?"

मग मी बोलले. इतकं लांब मी कधी बोलले नाही. शाळा, काचेची खोली, सगळे बीप बरोबर, नाटकी. शांत टाकीत कान चांगला असून उपयोग काय असं तुम्हीच म्हणालात, आणि मला फक्त बघायचं होतं की मी खोटी आहे का. आवाज फाटत होता. पण पंप नव्हता, प्रेस नव्हतं. मी काय बोलतेय ते मला स्वतःला पहिल्यांदा नीट ऐकू येत होतं.

बाई म्हणाल्या, "मला तुझ्या कानांचं काय करायचंय? माझा महिना पाण्यात गेला."

बटणदादा एकच बटण पुसत बसले होते.

"उद्यापासून येऊ नकोस. ट्रे घेऊन जा."

ट्रे घेऊन आले. मावशीला भेटायचं राहिलं.

१४ मार्च, शनिवार

बाबा: "घालवलीस ना? मी म्हटलंच होतं!"

महिना कधीच टिकले होते. नाव बदलायचं तुमचंच राहिलंय. — हे मनात.

१६ मार्च, सोमवार

ट्रेमध्ये आईने कांदे ठेवलेत. कांदा घेतला की टण्. दर वेळी मान वर होते माझी.

गाडी यायला सात दिवस. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला का, ते पण बाई बोलल्या नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

बटणदादा आले! खाली, कारखान्यात. प्रेस चालू. ते बोलत होते, तोंड हलत होतं, मला अक्षर कळेना. मी आपलं "हो, हो". ते मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं. खिशातून पेन्सिल काढली आणि हातातल्या कागदाच्या मागे लिहायला लागले, गुडघ्यावर ठेवून.

असं आजवर कोणी केलं नाही. कोणीच नाही.

त्यांनी लिहिलेलं उतरवून ठेवते, कागद हरवला तरी राहील.

'मांजरे, ट्रेऐवजी आता फडकं आहे. फळीमागे दुसरा माणूस, हेडफोनला बाईंनी कुलूपच घालायचं बाकी ठेवलंय. सोमवारी मावशी नऊ. मंगळवारी अठरा. काल सत्तावीस. आज तेहेतीस. गाडी रद्द.'

मी वाचलं आणि विचारलं, "मला परत घेतील?"

त्यांनी लिहिलं — 'नाही.' मग खाली, 'मी विचारलं होतं.'

कागदाच्या पुढच्या बाजूला तक्ता, बाईंच्या हातचा. मी गेल्यावर बटणदादांनी टाकीला कान लावून तोच खेळ खेळला, आवाज बाईंनी सोडले — चाळीसपैकी सत्तावीस. मग बाई स्वतः बसल्या — पंचवीस. खाली तिसरी रेघ, माझी, महिनाभराची, त्यांच्याच कागदांवरून काढलेली — बारा. शेजारी लिहिलंय, 'शांततेत चाळीस.' आणि त्याखाली कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी: हिची तपासणी गोंगाटात करावी. सही. शिक्का.

माझ्यासाठी म्हणून एक ओळ नाही. बरी आहेस का नाही, रागावले नाही, काही नाही. बाई अजून रागावलेल्याच आहेत. तरी बसल्या. टाकीला कान लावून, ओल्या स्टुलावर, चाळीस डाव.

मावशी राहिली. मी नाही. ठीक आहे.

२० मार्च, शुक्रवार

तो कागद बाबांच्या टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर कात्री. बोलले नाही. काय बोलू, प्रेस चालू होतं.

त्यांनी उचलला. वाचला. बराच वेळ धरून उभे राहिले, उजेडाकडे करून. मग परत ठेवला, कात्री होती तशी. नवीन पत्रा मशीनखाली सरकवला. धाड.

एवढंच. चार वर्षं नाटकी म्हटलं. शिक्का मारलेला कागद आला तरी एक शब्द नाही!

रात्रीचं जेवण झालं. "मीठ दे." ओरडून.

२१ मार्च, शनिवार

काही नाही.

२२ मार्च, रविवार

प्रेस अचानक थांबलं. कामाच्या मध्येच. बाबा वर आले, कागद हातात. माझ्यासमोर जमिनीवर बसले. आज ओरडले नाहीत. इतकं हळू बोलले की मी पुढे वाकले.

"त्या दिवशी डॉक्टर काय सांगत होते, ते मला ऐकूच आलं नव्हतं गं. बाहेर ती गर्दी. मी नुसती मान हलवत होतो."